एक गाणं, तीन गळे

क्रिस स्टेपलटनने गायलेलं 'टेनेसी व्हिस्की' कागदावर उतरवायचं ठरवलं तर चार खुणा पुरतात: १, २ मायनर, २ मायनर, १. गाणं जवळपास पाच मिनिटांचं आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत याच आवर्तनात फिरतं. कडव्याला हेच, ध्रुवपदाला हेच, गिटारच्या तुकड्यालाही हेच. एवढ्याशा सामानावर उभं असलेलं हे गाणं अमेरिकेच्या कंट्री संगीतातल्या सगळ्यात गाजलेल्या कव्हर गाण्यांपैकी, म्हणजे एकाने आधी गायलेलं दुसऱ्याने नव्याने गायलेल्या गाण्यांपैकी, एक आहे, आणि कव्हर गाण्याची ओढ नेमकी कशात असते ते समजून घ्यायला यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

आधी त्या आकड्यांबद्दल. कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंत वादकांपुढे असाच कागद असतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी कॉर्डना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांना, अक्षरांऐवजी आकडे द्यायची पद्धत बसवली आणि चार्ली मकॉय यांच्यासारख्या वादकांनी ती पुढे नेली. मराठी कानाला यात नवं काही नाही. सा कुठेही धरा, रे त्याच्या नात्यानेच येणार. इथे १ म्हणजे सा वरची कॉर्ड, २ मायनर म्हणजे रे वर उभी राहिलेली मायनर कॉर्ड. गायकाने ऐनवेळी पट्टी उतरवायला सांगितली तरी कागद तोच राहतो. एकाचं गाणं दुसऱ्याने गाणं हा जिथे रोजचा व्यवहार आहे, तिथे ही सोय किती मोलाची, ते सांगायला नको.

गाणं लिहिलं डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह या दोघांनी. आशय साधा आहे. एक माणूस सांगतो, माझ्या रात्री दारूच्या गुत्त्यात जायच्या, बाटलीखेरीज दुसरं प्रेम ठाऊक नव्हतं, तू मला तळाला जाण्याआधी बाहेर काढलंस. मग ध्रुवपदात तो तिला एकेक उपमा देतो, आणि सगळ्या उपमा दारूच्याच: टेनेसीच्या व्हिस्कीसारखी मऊ, स्ट्रॉबेरीच्या वाइनसारखी गोड, ब्रँडीच्या पेल्यासारखी उबदार. दारू सुटली, पण बोलायला भाषा दारूचीच उरली. या एका कल्पनेवर गाणं पेललेलं आहे आणि गायक कोणीही असो, त्याने ती जपली पाहिजे.

१९८१मध्ये कंट्री गायक डेव्हिड ॲलन को यांनी ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ते ७७व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि विसरलं गेलं. १९८३मध्ये कंट्री गायक जॉर्ज जोन्स यांनी बिली शेरिल यांच्या निर्मितीत ते पुन्हा केलं आणि त्याच यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. दोन वर्षांत गाण्यातला शब्दही बदलला नव्हता. बदलला होता तो सांगणारा माणूस. जोन्स यांच्या दारूपायी इतके कार्यक्रम बुडाले होते की 'नो शो जोन्स' हे नाव त्यांना चिकटलं होतं. त्याच १९८३ साली त्यांनी नॅन्सी यांच्याशी लग्न केलं, आणि आपल्याला सावरण्याचं श्रेय ते पुढे त्यांनाच देत राहिले. ऐकणाऱ्याला हे माहीत होतं. त्यामुळे 'तू मला ओढून आणलंस' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की ते गीत न राहता जबानी व्हायचं.

जोन्स यांचा गळा ऐकायचा तर स्वर कुठे लागतो यापेक्षा तो कुठून सरकत येतो याकडे कान द्यायला हवा. जबडा फारसा न उघडता, दातांआडून ते स्वराला खालून उचलत आणतात. ही मींडच आहे, आणि ती शिकवणारं वाद्य त्यांच्या मागेच वाजत असतं: पेडल स्टील. आडवं मांडलेलं, सहसा दहा तारांचं हे वाद्य डाव्या हातातल्या धातूच्या दांडीने वाजवतात. पायाखालची पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायचे खटके एखाद-दुसरी तार वाजत असतानाच ताणतात किंवा सैल करतात. म्हणून कॉर्डमधले दोन स्वर जागचे हलत नाहीत आणि तिसरा त्यांच्यामधून चढत जातो. आपल्याकडे जुन्या सिनेगीतांच्या वाद्यरचनांतून ओळखीची झालेली हवाईन गिटार ही या वाद्याच्या घराण्यातलीच. मूळ एकच, हवाई बेटांवरचं.

आता २०१५. केंटकीचा क्रिस स्टेपलटन तोवर नॅशव्हिलमध्ये इतरांसाठी गाणी लिहिणारा म्हणून माहीत होता. त्याआधी तो स्टीलड्रायव्हर्स या ब्लूग्रास बँडमध्ये गात असे. 'ट्रॅव्हलर' हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम निर्माते डेव्ह कॉब यांनी नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये केला, आणि त्यात हे गाणं होतं. ४ नोव्हेंबर २०१५ला कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात त्याने पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर ते गायलं. त्या रात्री त्याला तीन पुरस्कार मिळाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेला अल्बम पाठोपाठ थेट बिलबोर्ड २०० यादीच्या पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याने काय केलं? शब्द जसेच्या तसे ठेवले आणि त्यांच्याभोवतीचा वेळ बदलला.

जोन्स यांचं गाणं नेहमीच्या कंट्री चालीने, सरळ पुढे जातं. कॉर्ड बदलत राहतात, ओळ संपली की पुढची येते. स्टेपलटनने ते बारा-आठच्या ठेक्यात नेलं. एका आवर्तनखंडात चार मोठे ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन-तीन छोट्या मात्रा. फार संथ दादरा डोळ्यांपुढे आणला तर डोलण्याची कल्पना येईल. मोठ्या ठोक्यांचा वेग मिनिटाला साधारण ४९, म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या नाडीपेक्षाही कमी. एक खंड जवळपास पाच सेकंदांचा आणि चार खंडांचं आवर्तन वीस सेकंदांचं. वीस सेकंदांत दोनच ओळी म्हणायच्या, त्यामुळे ओळींच्या मध्ये मोकळी जागा पडते. जोन्स यांच्या गाण्यात माणूस आभार मानतो. स्टेपलटनच्या गाण्यात तो एक वाक्य बोलतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात गुत्त्यातल्या सगळ्या रात्री ऐकू येतात.

हा ठेका आणि या दोन कॉर्ड त्याने शून्यातून आणलेल्या नाहीत. सोल गायिका एटा जेम्स यांनी १९६७मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत 'आय'ड रॅदर गो ब्लाइंड' रेकॉर्ड केलं, त्यात हेच १ आणि २ मायनर, हेच डोलणं आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की नातं लपत नाही. म्हणजे गोऱ्या कंट्री गायकांचं गाणं काळ्या सोल संगीताच्या ठेक्यावर बसवलं गेलं. उलट प्रवास त्याआधीच झाला होता. १९६२मध्ये कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांनी कंट्री गाण्यांचा एक अख्खा अल्बम आपल्या ढंगात केला, आणि त्यातलं डॉन गिब्सन यांचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या दोन संगीतांत रेकॉर्डच्या दुकानातल्या फळ्यांनी भिंत घातली होती. वादक ती फारशी मानत नव्हते.

आपल्याकडे एकच अभंग वेगवेगळ्या चालींत ऐकायची सवय आहे. शब्द तुकोबांचे, चाल ज्याची त्याची, आणि त्याला कोणी कव्हर म्हणत नाही. ख्यालातली बंदिश तर पिढ्यान्‌पिढ्या तीच असते आणि तरी दर मैफलीत ती नवी करावी लागते. त्यामुळे 'दुसऱ्याचंच गाणं गायलं, त्यात काय' हा प्रश्न मराठी रसिकाला पडू नये. कंट्रीत फरक इतकाच की रेकॉर्ड हीच बंदिश. लोकांच्या कानात जोन्स यांचा विशिष्ट श्वास, विशिष्ट सरकणं मुक्कामाला असतं. नव्या गायकाला गाण्याबरोबर त्या आठवणीशीही बोलावं लागतं.

वाजवून पाहायचं असेल तर गिटारवर हे गाणं पहिल्या महिन्यात बसतं आणि नीट यायला फार दिवस लागतात. मूळ पट्टी ए, म्हणजे आपली पांढरी सहा. कॉर्ड दोनच, ए आणि बी मायनर. बी मायनरची बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड, जमत नसेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी आणि ए मायनरचे आकार धरावेत. कानाला ए आणि बी मायनरच येतं. स्टेपलटनचा आवाज वर फार मोकळा आहे. बहुतेक पुरुषांना ध्रुवपद त्या पट्टीत ताणून गावं लागतं आणि ताणलेल्या गळ्यातून मऊपणाची उपमा निघत नाही. कॅपो काढून जी मध्ये गावं, तरी वर जात असेल तर एफ. बायकांना सी किंवा डी पट्टीत गाऊन पाहता येईल. कागद मात्र तोच: १, २ मायनर, २ मायनर, १.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बी मायनर अवघड म्हणून डी वाजवणं. दोन्ही कॉर्डमध्ये डी आणि एफ शार्प आहेतच, फरक एका स्वराचा. डी मध्ये तिसरा स्वर ए आहे, बी मायनरमध्ये बी. पण ए हा या गाण्याचा षड्ज. डी वाजवलं की षड्ज कॉर्डमध्ये तसाच राहतो, पायाखालची जमीन हलत नाही आणि गाणं प्रार्थनेसारखं सुखरूप होऊन बसतं. बी मायनरमध्ये षड्ज निघून जातो. त्यात बास गिटारने खाली बी धरला की पाय अधांतरी येतो, आणि हा अधांतरीपणा गाण्याला हवा आहे. बास वाजवणारा ए वरच रेंगाळला तर वर गिटारने कितीही अचूक बी मायनर धरला तरी परिणाम निम्मा होतो.

दुसरी चूक वेगाची. मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके मोजून देणाऱ्या यंत्रावर, ४९ लावलं तर दोन ठोक्यांत सव्वा सेकंदाची पोकळी येते आणि नवखा वादक ती सहन न होऊन पुढे सरकतो. दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत वेग ५५च्या पुढे गेलेला असतो आणि डोलणं संपून चालणं सुरू होतं. उपाय सोपा आहे: मेट्रोनोम तिप्पट, १४७वर लावावा आणि 'एक-दोन-तीन' मोजावं. ते अंगात मुरलं की ४९वर यावं. उजव्या हाताने सगळ्या बारा मात्रा भरू नयेत. पहिल्या आणि तिसऱ्या मोठ्या ठोक्याला खर्जाची तार, दुसऱ्या आणि चौथ्याला, जिथे ड्रमचा स्नेअर पडतो तिथे, तळहाताने दाबलेला छोटा तुटक आघात. बाकी मात्रा मनात. बारा मात्रा भरून काढल्या की ओळींमधली मोकळी जागा बुजते, आणि तीच तर या कव्हरची कमाई होती.

तिसरी चूक गळ्याची, आणि हौशी गायकांच्या व्हिडिओंमध्ये ती सगळीकडे भेटते. स्टेपलटनच्या हरकती ऐकून लोक प्रत्येक शब्दावर मुरकी घेतात. मूळ रेकॉर्डिंग सावकाश ऐकावं. पहिल्या कडव्यात तो बराच सरळ बोलतो, हरकती मुख्यतः ओळीच्या शेवटच्या स्वरावर येतात, शब्द पोचल्यानंतर. शिवाय आवाजाची खरखर सगळीकडे सारखी नाही. ती वर जाताना येते आणि खाली उतरताना निघून जाते. त्याच्या पत्नी मॉर्गेन स्टेपलटन यांचा जोड आवाज पहिल्या ओळीपासून घातला तर ध्रुवपदाला उघडायला काही उरत नाही. भावगीत ऐकत वाढलेल्यांना हे पटायला हरकत नाही. शब्द आधी, मग गळा.

शब्द आणि ठेका सोडून नुसतं वय बदललं तरी कव्हर उभं राहतं, याचा दाखला कंट्री गायक जॉनी कॅश यांचं 'हर्ट'. ट्रेंट रेझनर यांनी ते आपल्या नाइन इंच नेल्स या रॉक बँडसाठी लिहिलं, १९९४मध्ये ते बाजारात आलं, तरुण माणसाचा आत्मनाश सांगणारं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये कॉर्डना एक मुद्दाम बोचणारा स्वर लावलेला आहे आणि मागे यंत्रांची घरघर आहे. २००२मध्ये सत्तरीतल्या कॅश यांनी निर्माते रिक रुबिन यांच्याकडे ते गायलं तेव्हा तो बोचरा स्वर काढून टाकला आणि ए मायनर, सी, डी अशा साध्या कॉर्ड ठेवल्या. शब्द एकच बदलला: मुकुटाला जोडलेली शिवी काढून काट्यांचा मुकुट केला, आणि त्या एका शब्दाने गाणं बायबलच्या शेजारी जाऊन बसलं. बोचणं नाहीसं झालं नाही. ते संगीतातून निघून आवाजात आलं. शेवटाकडे पियानोचा ठोका वाढत जातो, आवाज फाटण्याच्या काठावर येतो, आणि मग एकदम सगळं थांबतं. मे २००३मध्ये त्यांच्या पत्नी जून कार्टर कॅश गेल्या, सप्टेंबरमध्ये जॉनी कॅश गेले. मार्क रोमानेक यांनी दिग्दर्शित केलेला या गाण्याचा व्हिडिओ आज पाहताना या तारखा बाजूला ठेवता येत नाहीत.

आणि काहीच बदललं नाही तर? ट्रेसी चॅपमन यांचं १९८८चं 'फास्ट कार' कंट्री गायक ल्यूक कॉम्ब्सने २०२३मध्ये जवळजवळ होतं तसं गायलं. दुकानात गल्ल्यावर बसणारी मुलगी हे मूळ गाण्यातलं निवेदन. कंट्रीत गायक पुरुष असला तर अशा ठिकाणी लिंग फिरवून घ्यायची सर्रास पद्धत आहे. कॉम्ब्सने ते केलं नाही, 'गर्ल' तसाच ठेवला. हा बारीकसा निर्णय मला फार मोठा वाटतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट जपून सांगतोय. मूळ गिटारची धूनही ओळखीची राहिली. ती वाजवायची तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, आणि सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी हे आकार, पण झणकारत नाही तर बोटांनी एकेक तार सुटी उचलत. गाणं बिलबोर्ड हॉट १००मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, मूळ गाणं सहाव्यावर थांबलं होतं. कंट्री एअरप्ले, म्हणजे रेडिओवर वाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या, यादीत ते पहिलं आलं आणि एकटीने लिहिलेलं गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या चॅपमन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्याच वर्षी त्यांना कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला, गाणं बाजारात आल्यावर पस्तीस वर्षांनी.

हे पैसे आणि मान मूळ लेखकापर्यंत पोचतात त्यामागे एक जुना कायदा आहे. अमेरिकेत १९०९पासून सक्तीचा परवाना आहे. गाणं एकदा मालकाच्या संमतीने रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की कोणीही ठरलेला दर भरून ते पुन्हा रेकॉर्ड करू शकतो, परवानगी मागावी लागत नाही. सुरुवातीचा दर प्रतीमागे २ सेंट होता, २००६पासून २०२२पर्यंत पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ९.१ सेंट, २०२३ला तो १२ सेंट झाला. गायकाच्या शैलीला साजेशी मांडणी करायची मुभा आहे, पण मूळ चाल आणि गाण्याचा स्वभाव बदलता येत नाही. चित्रफितीला हा परवाना चालत नाही, तिथे मालकाशी वेगळा करार लागतो. भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर कव्हरचे नियम जास्त कडक आहेत: पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, साधारणपणे वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करायचा नाही. स्टेपलटनने जेवढी मोकळीक घेतली तेवढी इथे या परवान्यावर घेता येणार नाही. मालकाची थेट संमती काढणं हाच सरळ रस्ता.

लिंडा हारग्रोव्ह २०१०मध्ये गेल्या, जॉर्ज जोन्स २०१३मध्ये. स्टेपलटनचं रेकॉर्डिंग दोघांनीही ऐकलं नाही. अल्बमवर लेखकांच्या जागी मात्र डिलन आणि हारग्रोव्ह ही दोन नावं १९८१सारखीच छापलेली आहेत.

ऐकायचा क्रम सुचवायचा तर आधी जोन्स, मग एटा जेम्स, मग स्टेपलटन. स्टेपलटनचं दोनदा ऐकावं. दुसऱ्यांदा गळा सोडून फक्त बासकडे कान द्यावा. 'गुत्ता' या अर्थाचा शब्द येतो तेव्हा बास ए सोडून बी वर गेलेला असतो. 'तळ' हा शब्दही बी वरच पडतो. आणि फार दूर गेलेल्या मला तू परत आणलंस, ही ओळ जिथे संपते, त्या शेवटच्या शब्दाखाली बास पुन्हा ए वर येतो.